मांडीखालून जाणारा पट्टा

आमच्या ऑफिसात एक नियम आहे. तो ज्याने काढला, तो कधी समोर आला तर त्याला चार शब्द सुनावायचे मी राखून ठेवले आहेत.

नियम असा. मी इंग्रजीतून चिनीत भाषांतर करायचं. ती चिनी प्रत काकांकडे जाणार, ज्यांना उलटं भाषांतर करतात म्हणून सगळे उलटेकाका म्हणतात. त्यांनी मूळ इंग्रजी न बघता ती पुन्हा इंग्रजीत आणायची. मग मशीन मूळ इंग्रजी आणि काकांचं इंग्रजी शेजारी ठेवून ताडून बघणार. शब्द जुळले की हिरवं, नाही जुळले की लाल. लाल आलं की चूक माझी. आणि मी आणि काका, एकाच खोलीत टेबलाला टेबल लावून बसत असलो तरी, कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर म्हणे तपासणी बाटते.

त्यामुळे जेवताना आम्ही बाकी सगळं बोलायचो. त्यांचा गुडघा, माझ्या आईची कटकट, आणि सगळ्यात जास्त काकू. काकू पडल्या तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या होत्या आणि काका त्यांचं सगळं स्वतः करायचे. उचलायला त्यांनी एक यंत्र घेतलं होतं. त्याला कापडी झोळी असते, माणूस झोळीत, झोळी हुकात, आणि हुक वर. काका कौतुकाने सांगायचे की काकू त्यात बसल्या की पाळण्यात बसल्यासारख्या हसतात.

आणि एक दिवस माझ्याकडे नेमकं त्याच कंपनीच्या, तसल्याच यंत्राचं माहितीपुस्तक आलं.

पुस्तक म्हणजे नुसती वाक्यं. पडद्यावर एकेका चौकोनात एकेक, भाजी चिरून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावी तशी. चित्रं कंपनीचं गुपित, ती आमच्यापर्यंत येत नाहीत. मोठ्या शब्दांनी मला कधी त्रास दिला नाही. हायड्रॉलिक म्हटलं की शब्दकोश उघडायचा, सापडतो. रक्त आटवतात ते इन, ऑन आणि ओव्हर. इंग्रजांची बातमी पेपरात येते, चिनी लोकांची पेपरावर येते. इंग्रज उन्हात बसतो, चिनी माणूस उन्हाखाली बसतो. आई म्हणते, "इतकी शिकलीस आणि चिमूटभर शब्दावर अडून बसतेस?" आता तिला काय सांगू, डोळ्यात कुसळ केवढं असतं ते.

वाक्य होतं, पायांचे पट्टे मांड्यांच्या ओव्हर घ्या आणि हुकात अडकवा. संपलं. ओव्हर म्हणजे वरून टाकायचे? वेढून घ्यायचे? इंग्रजीत हे मोघम ठेवून चालतं, कारण शेजारी चित्र असतं. चिनीत हाताला वाट सांगावी लागते, कुठून घालायचा आणि कुठून बाहेर काढायचा. मी आमच्या मॅनेजरकडे, म्हणजे आम्ही ज्यांना पाठीमागे मुकादम म्हणतो त्यांच्याकडे, चित्र मागितलं.

"शब्द दिलेत ना? शब्दाला शब्द ठेवा," मुकादम म्हणाले.

"पट्टा चुकीचा गेला तर माणूस खाली घसरेल, साहेब."

"ते कंपनी बघेल. तुम्ही लाल येऊ देऊ नका."

मी जेवायला गेले ती धुमसतच. काकांनी डबा उघडला. घरचं बोलायला बंदी नव्हती, म्हणून मी विचारलं, "काका, काकूंना झोळीत कसं हो बसवता?"

त्यांनी माझी ओढणी मागून घेतली आणि खुर्चीत बसून स्वतःच्या पायाला लावून दाखवली. "हे बघ, पट्टा मांडीखालून घालायचा. दोन्ही पायांच्या मधून वर काढायचा. मग दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यावरून फुली मारून हुकात. नुसता वरून टाकलास तर ढुंगण खालून निसटतं."

मी तसंच लिहिलं. खालून, मधून, वर, फुली. एक वाक्य होतं त्याची तीन झाली, पण अंधारात वाचलं असतं तरी कुणी चुकलं नसतं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुपारनंतर निकाल आला. लालभडक. काकांनी माझी तीन वाक्यं इमानेइतबारे इंग्रजीत आणली होती आणि मूळच्या एका वाक्याशी त्यांचा काही संबंधच लागत नव्हता. मला शिकवलं त्यांनीच, आणि मला नापास केलं तेही त्यांनीच, आणि त्यांना दोन्हीचा पत्ता नाही. ते समोर बसून चष्मा पुसत होते. माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी कीबोर्ड उचलून परत आपटला.

मुकादम आले. "संध्याकाळच्या आत हिरवं करा. नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून शब्दाला शब्द करून घेतो."

म्हणजे पट्टा मांडीवरून जाणार होता. कुठल्यातरी घरात एखादा नवरा ते वाचणार, तसंच करणार आणि हुक वर घेणार. चित्र नीट छापलंय की नाही, देव जाणे.

चहाच्या वेळी मी काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. नियम मोडायचा नव्हता, पण त्याच्या कडेकडेने चालायला काय हरकत होती? "काका, तुमच्या यंत्राच्या इंग्रजी पुस्तकात तो पट्टा कसा लिहिलाय, आठवतं?"

काकांनी कप खाली ठेवला. "न आठवून कसं चालेल? मांड्यांच्या ओव्हर घ्या. चित्र पुसट छापलेलं, म्हणून मी तसंच केलं होतं. पहिल्याच दिवशी ती घसरली. कमरेला अजून दुखतं तिच्या." मग ते माझ्याकडे बघत राहिले. मघाशी आपण काय वाचलं आणि ही आता काय विचारतेय, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एकत्र येताना मला दिसलं.

"मी समोर असतं तेच लिहितो, पोरी," ते हळूच म्हणाले. "पदरचं एक अक्षर घातलं नाही आजवर."

"मला माहितीये काका."

मी तीच तीन वाक्यं, काना-मात्रा न बदलता, परत पाठवली. थोड्या वेळाने पडदा हिरवा झाला.

मुकादम खूश. "बघा, जमलं की नाही शब्दाला शब्द? उगाच वाद घालता." मी पुढचा चौकोन उघडला. खरं सांगितलं असतं तर काका अडकले असते.

दुसऱ्या दिवशी काकांनी उलट तपासणीचं काम सोडत असल्याचं सांगितलं. कारण दिलं डोळ्यांचं. मला माहीत होतं, त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. एक खरं वाक्य पुढे जावं म्हणून त्या माणसाला समोरचं सोडून आठवणीतलं ओव्हर, म्हणजे खोटं, लिहावं लागलं होतं आणि त्यानंतर त्यांना त्या खुर्चीत बसवेना. मला मुकादमांचा राग आला, मशीनचा आला, आणि काकांनी माझ्याशी भांडण न केल्याचा सगळ्यात जास्त आला. डबा पिशवीत भरताना ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं हो. काकूला वाचून दाखवलं असतं, पण तिला चिनी कुठलं यायला."

त्यांच्या जागी आता एक नवीन बाई आल्यात. त्या नियमाच्या एवढ्या पक्क्या की जेवायलाही वेगळ्या टेबलावर बसतात. कालच त्याच कंपनीचं, आंघोळीच्या खुर्चीचं पुस्तक आलं. तिसऱ्याच चौकोनात पट्टा आहे, ओव्हर आहे, चित्र नाही. मी जेवणाच्या सुट्टीत ओढणी घेऊन एकटीच खुर्चीत बसले आणि पट्टा कुठून जात असेल ते माझ्याच पायांवर लावून बघत राहिले.