सेबल क्रीकची हजेरी

पिकरेल काउंटीच्या वित्त समितीचे अध्यक्ष एल्डन टिमरमन यांनी चष्मा कपाळावर चढवला की समजायचं, आता कुणाच्या तरी पोटावर पाय येणार. त्या ऑक्टोबरात चष्मा चढला तो प्रोबेशन खात्याच्या बजेटावर.

"सेबल क्रीकची शाखा बंद," ते म्हणाले. "तिकडच्या, उत्तरेकडच्या लोकांनी हजेरीला इथे मुख्य कचेरीत यावं. त्यांना काय धाड भरलीय?"

खात्याची प्रमुख लिओटा ब्रॉकमायर समोरच बसली होती. तुरुंगाऐवजी घरी राहायची मुभा मिळालेल्या माणसांना महिन्यातून एकदा समोर बसवायचं, काम मिळालं का, बाटली सुटली का, पोरं भेटतात का, असं विचारायचं, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. हजेरी चुकली की न्यायाधीश आत टाकणार, हे तिला आणि त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, ते येणार कसे?"

"गाडीने. आपण सगळे येतो तसे."

"दारू पिऊन गाडी चालवली म्हणूनच तर बहुतेक जण माझ्याकडे आलेत. त्यांचं लायसन्स कोर्टाने काढून घेतलंय. आणि बस तुम्ही मागच्या बजेटात खाल्लीत."

समितीत कुणीतरी खोकलं. बिनगाडीचा माणूस असू शकतो, हे पिकरेल काउंटीत कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिथे लोक फाटकाजवळच्या टपालपेटीपर्यंत जायलासुद्धा पिकअप काढतात.

"तो त्यांचा प्रश्न," टिमरमन म्हणाले. "यावर समितीचं मतदान पुढच्या मंगळवारी. त्या दिवशी हजेरीही इथेच घेऊन बघा. इमारतीत जागा काय कमी आहे?"

"हे इतिवृत्तात घ्याल?"

"घेतलं."

बाहेर आल्यावर तिचा मदतनीस सेड्रिक ऑयलर हळूच म्हणाला, "मॅडम, आता?"

"आता साहेबांचा शब्द मोडायचा नाही. अगदी तंतोतंत पाळायचा. इमारतीत सगळे मावतील अशी खोली एकच आहे, ती समितीची."

मग तिने सेबल क्रीकला जाऊन हजेरीच्या सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. "इंजिन असलेल्या कशालाही हात लावायचा नाही. आणि जो पोचणार नाही, त्याचं नाव मला न्यायाधीशांना कळवावं लागेल. मी खोटं लिहिणार नाही."

"म्हणजे फासावर आमची मान, आणि पैज तुमची," त्यांच्यातला डेल्बर्ट पूल म्हणाला.

"माझीही मान आहे, डेल्बर्ट. साहेबांना ती केव्हाची हवी आहे."

मंगळवारी समिती जमली आणि खिडकीबाहेर घोडा खिंकाळला. मोटार वर्ज्य मानणाऱ्या आमिश पंथाच्या एका शेजारच्या म्हाताऱ्याने गवताची गाडी दिली होती, त्यात दाटीवाटीने बसून अर्धं सेबल क्रीक आलं. काही सायकलींवर आले, काही चालत. आणि डेल्बर्ट नदीने आला, भोपळ्यात बसून. जत्रेत पहिला आलेला त्याचा राक्षसी भोपळा त्याने आतून कोरला होता आणि बर्फ उपसायच्या फावड्याने वल्हवत आणला होता. वाटेत एक बदक आत येऊन बसलं ते शेवटपर्यंत उठलं नाही, असं तो सांगे. भोपळा तर अनेकांनी पाहिला.

"हे काय चाललंय?" टिमरमन म्हणाले.

"हजेरी, अध्यक्षमहाराज. तुम्हीच सांगितलंत." लिओटाने त्यांच्याच टेबलाच्या टोकाला खुर्ची ओढली. "पुढे या, डेल्बर्ट."

काही वेळाने टिमरमन उठून मागच्या स्वच्छतागृहाकडे गेले, तर तिथे दारू प्यायलेत का हे बघायच्या लघवीच्या तपासणीची रांग. "साहेब, मागून या," रांगेतला एक जण अदबीने म्हणाला. "पेला मिळाला का तुम्हाला?"

टिमरमन लालबुंद होऊन परतले. "बाई, तुमचं पदही याच बजेटात आहे, विसरू नका."

"खोडा ना. मग यांना समोर बसवून तुम्ही विचारा. शाखा बंद केलीत तर दर महिन्याला हे असंच होईल. मी थकणार नाही, आणि यांना आता वाट सापडलीय."

समितीतल्या ओपल रिंकर आजन्म टिमरमन यांच्या मागोमाग हात वर करत आलेल्या. त्या शेजारी उभ्या असलेल्या, हजेरीला आलेल्या टमिका नावाच्या तरुणीकडे बघत होत्या. तिच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं.

"कधी निघालीस गं?"

"अंधारातच, आजी. आधी चालत, मग घोडागाडीत."

"आणि आली नसतीस तर?"

"मी तुरुंगात. आणि हा काउंटीकडे. सांभाळा मग तुम्ही."

टिमरमन यांनी मत मागितलं आणि शाखा बंद करण्यासाठी स्वतःचा हात वर केला. ओपलबाईंचे हात मांडीवरच राहिले.

"ओपल?"

"मी ऐकलंय, एल्डन. माझं मत नाही म्हणून लिही."

एका मताने शाखा वाचली. टिमरमन यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि सूड म्हणून खात्याच्या कॉफीचे पैसे कापले.

"कॉफी आम्ही घरून आणू," लिओटा म्हणाली.

"आता तरी खोली रिकामी करा."

"अजून निम्मी हजेरी बाकी आहे, साहेब. बसा जरा." आणि मान वर न करता तिने पुढचं नाव पुकारलं.