गणराजचं गाणं

"बहिरा असंल तुझा बाप! परत माझ्या नातवाला बहिरा म्हनलीस तर याद राख." बुधाजीने ओट्यावरूनच तोफ डागली. अंगणवाडीची नूतनबाई अंगणात उभीच राहिली. 'बस' म्हणायला कोणी तयार नव्हतं.

माणगावला उद्या कान तपासणारे डॉक्टर यायचे होते. गणराजला चार वर्षं होऊन गेली तरी तोंडातून शब्द नव्हता. उद्याची संधी हुकली की पोराचं नुकसान ठरलेलं.

"काका, गाडीसुद्धा सांगितलीय मी. नुसतं तपासून यायचं."

"न्हाय जायाचं! त्याचा बाप बी उशिराच बोलला." बुधाजीने बंडीतून मोबाइल काढून तिच्या नाकासमोर नाचवला. "आनि ह्यो काय हाय? तूच धाडलास ना?"

व्हिडिओ बोटांच्या गाण्याचा होता. पुढच्या रांगेत गणराज, हात हलवतोय, तोंड हलवतोय. खाली नूतननेच लिहिलेलं: 'गणराज आनंदाने गातो.' मुलं काय शिकली ते रोज मोबाइलवरून वर आणि घरच्यांनाही पाठवायचं, असा वरचा हुकूम. हुकूम म्हणजे हुकूम! हसरं, गोड पोर म्हणून हिने त्याला दर वेळी पुढे उभं केलं. म्हाताऱ्याने तो व्हिडिओ बोर्ली पंचतनच्या अख्ख्या बाजाराला दाखवला होता. पण पोर गात कुठे होतं? बाकीच्यांचं बघून नुसतं तोंड हलवत होतं. गेल्या आठवड्यात पाठीमागे परात पडली, सगळी पोरं दचकली, हा जागचा हलला नाही, तेव्हा कुठे हिच्या डोक्यात उजेड पडला.

"चुकीचं लिहिलं मी, काका."

"मंग तवा खोटी व्हतीस का आता खोटी हायस?"

दारातून सून प्रणाली हळूच म्हणाली, "आबा, एकदा दाखवून आनलं तर..."

"तू गप ऱ्हा!"

गणराज तुळशीपाशी पाठमोरा बसून शिंपले रचत होता. बुधाजी तरातरा गेला, मोबाइलचा आवाज होता नव्हता तेवढा सोडला आणि पोराच्या डोक्यामागे धरला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पोराने मान वळवली नाही.

"खेळात हाय त्यो," बुधाजी म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. व्हिडिओ संपला. तो समोर जाऊन वाकला, मोबाइल पोराच्या तोंडापुढे धरला. "गण्या, गा रं बाळा. दाखव हिला."

मोबाइल दिसला मात्र, गणराज शिंपले टाकून ताठ उभा राहिला. टाचा जुळवल्या. छान हसला. बोटं उघडली, मिटली, ओठ भराभर हलायला लागले. आवाजाचं नाव नाही.

बुधाजीने मान वळवून नूतनकडे पाहिलं.

"ह्ये शिकवलंस व्हय गं त्याला?"

नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला मोबाइल खाली घ्यायचं भान नव्हतं, आणि तो खाली होईना म्हणून पोर थांबेना.