दादाचा अभ्यास

एकोडीच्या रुखमाला कोणी विचारलं असतं, की बाई, तुझ्या घरात हुशार कोण, तर तिनं एका दमात सांगितलं असतं, "रुपा." त्यात लपवाछपवी काही नव्हती. पोरगा मायाळू आणि पोरगी हुशार, हे ती अख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरायची. पण नाव द्यायची वेळ आली तेव्हा बाईच्या तोंडून निघालं काय? प्रविण! आता बोला.

झालं होतं असं. लाखनीला एका संस्थेनं केंद्र उघडलं आणि आजूबाजूच्या गावांतल्या शाळकरी पोरांसाठी फोनवर शिकवणारी बाई फुकटात देऊ केली. बाई म्हणजे हाडामांसाची नव्हे, एआयवाली. पोरगं चुकलं की चिडायची नाही, दुसऱ्या तऱ्हेनं समजावायची, आणि बरोबर आलं की पुढचं गणित थोडं कठीण घालायची. शाळेचे भोजराज गुरुजी तिची नोंदणी करत घरोघर फिरत होते. ते रुखमाच्या अंगणात आले तेव्हा ती सुपानं तांदूळ पाखडत होती.

"नाव कोणाचं टाकू?" गुरुजींनी विचारलं. "एका नंबरावर एकच नाव बसते."

घरात फोन एक आणि शिकणारी लेकरं दोन. प्रविण वर्षानं मोठा, पण दोघं जोडीनं जातील-येतील म्हणून एकाच वर्गात घातलेले. रुखमानं मानसुद्धा वर केली नाही.

"प्रविणचंच टाका जी."

यात तिनं काही डाव साधला, असं नका समजू. गॅसची टाकी असो, बियाण्याची पावती असो, घरात जे यायचं ते बापाच्या नाहीतर पोराच्या नावावर यायचं. पोरीच्या नावावर कोण काय घेतं? ती उद्या दुसऱ्याच्या घरी जायची. रुखमाचं स्वतःचं नाव तरी मतदार यादी सोडून कुठं होतं? रुपा तिथंच दाराला टेकून उभी होती. गुरुजींनी प्रविणचा फोटो काढला आणि पुढच्या घरी गेले.

प्रविण चार दिवस फोनपुढे बसला. पाचव्या दिवसापासून त्याचा जीव पुन्हा शेजारच्या गुलाबच्या ट्रॅक्टरमध्ये. धडा राहिला की फोनवाली बाई थेट गुरुजींकडे चुगली करायची, आणि गुरुजी रुखमाला भर रस्त्यात अडवायचे. मग रुखमानं आपल्या अकलेनं तोड काढली.

"रुपा, दादाचं तेवढं करून टाक वं."

दादाचं ताट उचल, दादाची आंगी धू, तसाच दादाचा अभ्यास कर. घरच्या कामातलं आणखी एक काम, बस.

पण पोरगी त्यात अशी रमली, की हाक मारली तरी ऐकू जाईना. कणीक मळता मळता तिचे ओठ हलायचे, ती गणित सोडवत असायची. कधी ती त्या बाईलाच उलटं विचारायची. पाणी तापलं की वाफ वर काहून जाते? मोहाचं झाड पानं गाळून मग काहून फुलते? बाई उत्तर द्यायची आणि म्हणायची, "शाब्बास प्रविण, तू फार छान विचार करतोस."

रुखमा चुलीपुढून हसायची. "अवं पोट्टे, थे तुले पोट्टा समजून राहिली!"

"समजू दे ना माय. शिकवते ना."

अशी दोन वर्षं गेली. दोघं आठवी पास झाली. गावची शाळा आठवीपर्यंतच, म्हणून पुढं काय, ही चिंता घरोघर होती. उन्हाळा तापला होता, अंगणभर मोहफुलं वाळत पडली होती, आणि भोजराज गुरुजी गाडीवरून उतरले ते हातात पेढ्यांचा डबा घेऊनच.

"जागेश्वरभाऊ! अहो, पोरानं गावाचं नाव काढलं! नागपूरच्या निवासी शाळेत नंबर लागला प्रविणचा. बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं, सगळं संस्थेचं. आपल्या तालुक्यातून हा एकटाच!"

रुखमाचा नवरा जागेश्वर खाटेवर आडवा होता, तो धडपडून उठला. "पण परीक्षा कधी झाली जी?"

"परीक्षा कायची? मशीन दोन वर्षांपासून पाहून राहिलं त्याले. खरं सांगू का, मलेच पटलं नाही पहिले. वर्गात हा पोरगा तोंड उघडत नाही. पण मशीन थोडंच खोटं बोलते?"

घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्गात प्रत्येक प्रश्नाला जिचा हात वर असायचा, ती पोरगी गुरुजींच्या पुढ्यात उभी होती. आणि या भल्या माणसानं केलं काय? तिच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "भावापासून शिक काही."

रुपानं पेढा परत डब्यात ठेवला आणि आत निघून गेली. दोन वर्षं ज्याच्यावर ती हसत होती, ते काय होतं हे तिला त्या घडीला कळलं. कळून उपयोग काय म्हणा!

गुरुजींची गाडी वळली तसा प्रविण रडकुंडीला आला. "बाबा, मी नाही जात. मले अपूर्णांकसुद्धा येत नाही. तठी मी काय करू?"

"शिकशील."

"सारं रुपानं केलं बाबा. तिलेच पाठवा ना."

"चूप राह!" जागेश्वर कडाडला. "घरातलंच लेकरू जाऊन राहिलं ना? का दुसऱ्याचं? चालून आलेल्या लक्ष्मीले लाथ मारता का? आणि अडलं-नडलं त रुपा आहेच घरी. फोन करजो, सांगन थे तुले."

म्हणजे पोरीनं एकोडीत भांडी घासत नागपूरचा अभ्यास करायचा, आणि पोरानं नागपुरात बसून तिचं उतरवून घ्यायचं. वा रे बाप! रुखमाला संताप आला, पण तो गिळून ती आत गेली. रुपा भिंतीला पाठ लावून बसली होती.

"बाई, मी काही मुद्दाम नाही केलं वं," रुखमा म्हणाली. "विचार न करता बोलून गेली मी."

"मले माहीत आहे माय," रुपा म्हणाली. "मंग आता चाल लाखनीले. तू नाव दिलं, तूच सांग त्याईले."

दुसऱ्या दिवशी, माहेरी जाऊन येतो असं नवऱ्याला सांगून, रुखमानं पोरीला घेऊन एसटी धरली.

लाखनीचं केंद्र हायवेला लागून होतं, टायरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. तिथं मोनिका नावाची एक तरणी मॅडम एकटीच बसलेली होती. मुलगी चांगली होती हो. तिनं दोघींना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि रुखमाचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग तिनं रुपाचं नाव कॉम्प्युटरवर काढलं.

"मावशी, शाळेच्या यादीतून नाव आलंय, पण हिच्या नावावर काहीच नाही. दोन वर्षांत एक शब्द नाही. मशीननं हिला सगळ्यात खालच्या गटात टाकलंय. लिहायला-वाचायला शिकवा, सोबत शिवणकाम द्या, असं सांगतंय."

"घ्या ना आता परीक्षा!" रुखमा खुर्चीवरून उठलीच. "माह्या पोरीले बसवा अठी, आणि विचारा काय विचारायचं थे!"

मोनिकानं टॅबलेट काढला, कोऱ्या खात्यावर फोनवाली बाई चालू केली आणि रुपापुढे ठेवली. रुपा सुरुवातीला अडखळली. मग एकदा जी सुटली, ती थांबेचना. बाई विचारायची, ही उत्तर द्यायची. बाई अवघड करायची, ही डोळे मिटायची, ओठ हलवायची आणि पुन्हा उत्तर द्यायची. मोनिकाचा चहा गार झाला, तिला पत्ता नाही. रुखमाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरीच्या तोंडावर असं तेज तिनं आजवर पाहिलं नव्हतं. आपल्याच घरात ही राहत होती का, असं तिला वाटलं.

अन् एकदम बाई बोलायची थांबली. पडद्यावर काही अक्षरं उमटली. मोनिकानं ती मोठ्यानं वाचली. "या विद्यार्थिनीची विचार करण्याची पद्धत एकोडी येथील प्रविण या विद्यार्थ्याशी जुळते. दोन्ही एकच व्यक्ती असण्याची दाट शक्यता आहे."

"ओळखलं!" रुपा ताडकन उठली. तिनं आईचे दोन्ही दंड धरले. "माय, तिनं मले ओळखलं! नावबिव काही नाही सांगतलं, तरी ओळखलं!"

रुखमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं देवाला हात जोडले, त्या टॅबलेटलाही जोडले. मोनिका मात्र हसत नव्हती. त्या अक्षरांखाली एक लाल पट्टी आली होती आणि ती तिकडेच बघत होती.

"मावशी, बसा. रुपा, तूपण बस," ती म्हणाली. "ही पट्टी दाबली की हे सगळं वर जातं. हीच खरी विद्यार्थिनी, हे सिद्ध होईल. पण नियम असा आहे, की एकाच्या नावावर दुसऱ्यानं अभ्यास केला तर ती फसवणूक. सगळं रद्द होतं. प्रविणची जागा जाईल."

"जाऊ द्या. रुपाले भेटन ना?"

"रुपालापण नाही मिळणार. फसवणुकीत दोघांचीही नावं लागतात. पुन्हा कधीच घेत नाहीत. लाखांदूरकडच्या दोन भावांचं मागच्या वर्षी असंच झालं. मी किती लिहिलं वर! पण अर्जही मशीनच वाचतं मावशी. वर माणूस बसलेलाच नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता आणि फास मात्र दोन तयार होते. रुखमानं त्या लाल पट्टीकडे बोट केलं.

"आणि नाही दाबली त?"

"तर काहीच नाही. मी हे पुसून टाकीन. प्रविण नागपूरला जाईल."

रुखमानं रुपाकडे पाहिलं.

"दाबा मॅडम," रुपा म्हणाली.

"अवं पण तुले काय भेटन त्यातून?"

"काही नको भेटू दे. मी केलं हे कुठंतरी लिहिलेलं राहीन. नाही त मी शून्यच ना माय? इथं लिहूनच ठेवलं आहे, शून्य."

रुखमाच्या डोक्यात नुसता कल्लोळ झाला. इकडे आड, तिकडे विहीर. पट्टी दाबली तर पोरगा गावात चोर ठरेल. ज्या अंगणात पेढे वाटले तिथंच लोक थुंकतील. जागेश्वर घराबाहेर तोंड दाखवणार नाही. आणि नाही दाबली तर? प्रविण तिथं टिकणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्यानं स्वतःच रडत सांगितलं होतं. पण टिकलाच तर? दोनातलं एक तरी लेकरू मार्गी लागेल. आणि पोरीचं काय, पोरीचं निभून जाते. हा शेवटचा विचार तिनं बोलावला नव्हता. तो आपल्या पायांनी आला आणि घरच्यासारखा ठाण मांडून बसला. तिला त्याची लाज वाटली, राग आला. पण त्याला उठवायची ताकद तिच्यात नव्हती. तिच्या आईनं तिला तेच सांगितलं होतं, आणि आजीनं आईला.

मोनिकाचं बोट पट्टीजवळ होतं. रुखमानं तिचा हात धरला.

"राहू द्या मॅडम. पुसून टाका."

मोनिकानं पुसून टाकेपर्यंत रुपा पडद्याकडे पाहत राहिली. मग ओढणी सारखी करून जिना उतरली.

हायवेवर ऊन मी म्हणत होतं. एसटीचा पत्ता नव्हता. एकामागून एक ट्रक धूळ उडवत जात होते. रुखमा काहीबाही बोलत सुटली. शिवणकामही काही वाईट नाही. शिलाई मशीन घेऊन देईन तुले, बाबाशी भांडून घेईन. साकोलीच्या शाळेत नाव टाकू, तू तठीही पहिली येशील. आपलाच आवाज आपल्याला खोटा वाटतो म्हणजे काय, हे तिला तिथं कळलं. तरी ती बोलत राहिली, कारण थांबली असती तर तिला रस्त्यावरच हंबरडा फुटला असता.

"माय," रुपा म्हणाली.

"काय वं बाई?"

"त्या दिवशी तू विचार न करता बोलली होती."

"हाव ना वं. खरंच सांगतो, तुई शपथ."

"आज त विचार केला ना?"

साकोलीची गाडी आली, लोक दाराशी लोटले. रुपा पुढं चढली आणि एका अनोळखी म्हातारीशेजारी जागा होती तिथं बसली. मागं दोघींची सीट अख्खी रिकामी होती. रुखमा तिच्यावर एकटीच बसली, आणि कंडक्टरनं किती तिकिटं म्हणून विचारलं तेव्हा तिला पटकन सांगता आलं नाही.