समेटाची चटई

मी ताडाच्या पानांची चटई बोलतेय. माझा जन्म नवसाचा. तिमोरमध्ये घरं जळाली, माणसं सीमेपार हाकलली गेली, तेव्हा मार्सेलिनाबाईंनी मरियामातेपुढे हात जोडले होते, "माझी ओदेत जिवंत परतू दे, गावाच्या समेटासाठी चटई विणीन." लेक परतली. बाईंनी उपवास धरून मला विणलं.

आमच्याकडे भांडणारे माझ्यावर समोरासमोर बसतात, वडीलधारा सुपारी फिरवतो, आणि तो 'उठा' म्हणेपर्यंत कुणी उठत नाही. माझ्यावर वैरी गळ्यात गळा घालून रडले. मला धन्य वाटायचं.

पुढे परदेशी पोलीस आले, आमच्या पोलिसांना कामाची घडी बसवून द्यायला. त्यांना मी इतकी आवडले, की मला ठाण्यातच नेऊन अंथरलं.

आणि एका सकाळी माझ्यावर ओदेतच येऊन बसली. नवऱ्याने तिचा हात पिरगळून मोडला होता. तोही समोरच बसला होता.

"भरपाई म्हणून एक डुक्कर देईल तो. जा पोरी घरी," गावप्रमुख आबेलकाका म्हणाले.

"डुकराने हात सांधतो का, काका?"

ठाणेदार साबिनोंनी परदेशी साहेबांकडे पाहिलं. "साहेब, अटकेचा हुकूम तुमचा."

"छे, छे! रीत तुमची. आम्ही तिचा मान राखतो. ठरवायला शिका आता."

"परवा ठरवलं, तर तुम्हीच रद्द केलंत की!"

दोघे एकमेकांना मान देत राहिले, पोरगी कण्हत राहिली. नवरा खुशाल सुपारी चघळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या परतण्यासाठी विणली गेले, तिलाच माझ्यावर बसवून हात मोडणाऱ्याच्या घरी धाडत होते.

तेवढ्यात मार्सेलिनाबाई आल्या. त्यांनी लेकीला उठवलं आणि माझं टोक धरलं.

"काका, उठा."

"अगं, मी अजून उठा म्हटलं नाही!"

"मग मी म्हणते. उठा!"

त्यांनी मला ओढलंच. उघड्या फरशीवर सगळे पुरुष ओशाळून उभे राहिले. साबिनोंची मान खाली गेली. मग बेड्या उचलून ते नवऱ्याकडे निघाले.

"मला विचारलंत?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. सांगतोय."

साहेब वाटेतून बाजूला झाले.

आता मी बाईंच्या घरी असते. मोडका हात झोळीत बांधलेली ओदेत माझ्यावर निजते. ती कुशीवर वळताना कण्हली, की मला अजून लाज वाटते. समेट पवित्रच आहे हो, पण तो दुखावलेल्याच्या मनातून यावा लागतो. बायांनो, तुमच्याकडे कुणाला गप्प करायला चटई अंथरलेली दिसली, तर मार्सेलिनाबाईंसारखं करा. टोक धरा आणि ओढा.