पंच मारलेली कार्डं

दुर्गच्या वकिलाचं पाकीट नरहरींनी फोडलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सुनेपुढे धरलं. "रत्नमाला, वाचून सांग. सुमेधचं हाय."

चार पानं, सगळी इंग्रजीत. पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात पस्तीस वर्षं हजेरी लिहिलेल्या नरहरींचं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं होतं. मोठाले शब्द आले की दुर्गजवळच्या रुआबांध्याच्या त्या घरात सुनेलाच हाक जायची.

हे काम तिच्या गळ्यात पडलं नवऱ्याच्या परीक्षेपायी. कॅनडाला जायचं तर इंग्रजीत गुण हवेत, आणि ठेकेदाराकडे इंजिनिअर असलेला सुमेध दोनदा आपटला होता. मग नरहरींनी माळ्यावरून हजेरीची जुनी कोरी कार्डं काढली. बोटाच्या ठशाची मशीन आल्यापासून ती कुणाला नको होती. गोंदियाहून बी. ए. होऊन आलेल्या रत्नमालाने एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, अशी बाराशे कार्डं लिहिली. सकाळी पोळ्या लाटता लाटता ती शब्द विचारायची, तेही कार्डाकडे न बघता. उत्तर बरोबर आलं की नरहरी कार्डाच्या कोपऱ्याला पंचने भोक पाडायचे. चुकलं की कार्ड गठ्ठ्याच्या खाली. वर्षभरात एकही कार्ड भोकाशिवाय उरलं नाही.

सुमेध पास झाला. कॅनडाला निघताना सहा महिन्यांत तुले बोलावतो म्हणाला, त्याला दोन वर्षं झाली. तिचा नवा पासपोर्ट कपाटात साड्यांखाली तसाच होता.

आता ती उभ्या उभ्या वाचत होती. पहिल्याच ओळीत 'इररिकन्सायलेबल', समेट न होणारं. हा शब्द त्याच्या जिभेवर बसेना म्हणून तिने आठवडाभर घोकून घेतला होता, तो चिडला की चहा टाकला होता. पुढे 'इनकम्पॅटिबल', न जुळणारं; मग 'अनटेनेबल', न टिकणारं. सुरीला धार तिनेच लावून दिली होती, त्याने फक्त ती चालवली. एकही शब्द अडला नाही. एखादा अडला असता तर तेवढाच जिवाला विसावा मिळाला असता.

"सोडचिठ्ठी मागते," ती म्हणाली. "माह्यासंगं जमण्यासारखं नाई म्हणते."

सासूबाई, भागीरथा, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"आमाले मागल्या महिन्यातच सांगतलं त्यानं फोनवर," त्या म्हणाल्या. "आमी कायले वाईट व्हाव? कागद आला का तूच वाचशीन, म्हटलं."

रत्नमालाने सासऱ्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. महिनाभर या दोघांनी तिच्या हातचं जेवण जेवून बोटं चाटली होती, आणि तिला कळलं नव्हतं. तिला रडू आलं नाही, लाज वाटली.

तिने पिशवी भरली. संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला जाते म्हणाली, तेव्हा थांब म्हणून कुणी म्हटलं नाही. नरहरी तेवढे हातात पंच घेऊन दारापर्यंत आले.

"कार्डं राहू दे. प्रवीणले लागतीन."

प्रवीण म्हणजे धाकटा दीर. तो गठ्ठा घेऊन व्हरांड्यात बसलाच होता. आता कार्डांचा दुसरा कोपरा पंच करायचा होता. ती चप्पल घालत होती, तेवढ्यात त्याने सवयीने विचारलं, "भाभी, 'मॅग्नॅनिमस' मतलब कंजूस ना?"

पट्टा लावता लावता तिने उत्तर दिलं.

"चुकलं, भाऊजी. मोठ्या मनाचा. कार्ड खाली ठेवा."

नरहरींनी हातातला पंच बाजूला ठेवला आणि कार्ड गठ्ठ्याखाली सरकवलं. तिने बाहेर येऊन फाटकाची कडी नीट लावली आणि रिक्षाची वाट बघत उभी राहिली.