शिडी धरणारी

सासऱ्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि आत्मचरित्रही पाटीसारखंच लिहिलं. सत्तर वर्षांचं आयुष्य दीड पानात! सुनेनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"बाबा, एवढंच?"

"अक्षरं थोडी असली की लांबून वाचता येतं. गिचमीड केली की गिऱ्हाईक मान वर करत नाही."

"पण हे गिऱ्हाइकासाठी कुठंय? घरातल्यांनी वाचायचंय, तेही जवळून."

सुनेच्या मांडीवर तिची तान्ही ठमी दूध पिता पिता पेंगत होती. ती झोपली की तेवढा वेळ आपला. त्यात सून हे सगळं टाइप करणार होती. लिहाच म्हणून हट्ट तिनंच धरला होता. तिचा नवरा तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. तिचा आवाज कसा होता, ती हसायची कशी, त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. वडिलांना विचारावं, तर बापलेकांचं बोलणं "जेवलास?" "जेवलो" याच्या पुढं कधी सरकलंच नाही. उद्या ठमीनं आजीबद्दल विचारलं तर हा काय सांगणार, कपाळ?

आणि दीड पानात आजीच्या वाट्याला आलं होतं ते असं: 'लग्न झालं. संसार चांगला झाला. ती लवकर गेली.'

"यात सासूबाई कुठं आहेत?"

"आहे की. 'ती'."

सुनेला हसू आलं, पण तिनं पिच्छा सोडला नाही. "पाटी रंगवायच्या आधी तुम्ही खडूनं आखून घ्यायचात ना?"

"घ्यावंच लागतं. रंग वाळला की खडू पुसून टाकायचा."

"मग मला ते पुसलेलं सांगा." झोपलेल्या ठमीला खाली ठेवून तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला.

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला.

"ती शिडी धरायची," ते म्हणाले. "खालून मला डावं-उजवं सांगायची. पण तिला डावं-उजवं जन्मात कळलं नाही. तोंडानं उजवीकडे आणि हात डावीकडे! औषधाच्या दुकानाची अख्खी पाटी तिरकी झाली. मी वर संतापून लाल, आणि ही खाली खो खो हसतेय. शिडी लागली डुगडुगायला. म्हटलं, बाई गं, एक तर हस, नाहीतर शिडी धर! तर तिनं शिडीच सोडली."

सुनेची बोटं थांबली. "अहो, हे तर थेट तुमच्या लेकासारखं! परवा मी डावीकडे म्हटलं, तर स्वारी बेधडक उजवीकडे वळली."

"माहितीये. म्हणून तर त्याला कधी कामावर नेलं नाही. तो चुकला की तीच दिसायची." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "हे लिहू नकोस हं. गेलेल्या माणसाची थट्टा बरी नव्हे."

"लिहून झालंसुद्धा."

संध्याकाळी नवरा आला. खांद्यावरची बॅग न उतरवताच त्यानं पडद्यावरचं वाचलं. परत वाचलं. मग वडिलांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बाबा, पडलात?"

"पडलो की. रंगाच्या डब्यासकट."

"आणि आई?"

सासऱ्यांनी शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले.

"बैस. ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही."