चौदाच्या जागी नऊ

मी हाफिज मुकादमांच्या गॅरेजमधला बूस्ट मीटर बोलतोय. टर्बो इंजिनात हवा किती जोराने कोंबतो, ते पौंडांत सांगणं हे माझं काम. घड्याळाएवढी तबकडी, एक सुई आणि खाली रबरी नळी, एवढाच माझा देह. माझ्यामुळे एका बाईचं मनगट मोडलं आणि एका मुलीने बापाचं गॅरेज सोडलं. हे बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हाफिजभाई मस्कतला एका वर्कशॉपात फोरमन होते. तिथे दुकानदाराने त्यांच्यापुढे पाच मीटर मांडले. त्यांनी एकेकाच्या नळीत फुंकर मारली आणि कुणाची सुई अडखळते, कुणाची सरळ उठते ते पाहिलं. मग मला उचललं. पनवेलला परतल्यावर त्यांनी गॅरेज उघडलं. आपट्यापासून जासईपर्यंतच्या गाड्या यायच्या आणि बारा वर्षं मी प्रत्येकीचं खरं तेच सांगितलं.

त्यांची मुलगी हादिया ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून त्यांच्याबरोबर काम करू लागली. ती बोनेटवर हात ठेवून इंजिन ऐकायची. मला ती फार आवडायची.

गेल्या डिसेंबरात मी हाफिजभाईंच्या हातून लादीवर पडलो. सुई शून्याच्या खाली लटकली. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझी काच उघडली, चिमट्याने सुई शून्यावर आणली आणि मला खुंटीला अडकवलं. पण आतली पितळी नळी दबली होती. शून्यावर मी शहाणा दिसायचो, वर चढताना मात्र कमी सांगायचो. मला ते कळत होतं. पण बोलायला माझ्याकडे सुईशिवाय काही नव्हतं, आणि तीच बिघडली होती.

त्यानंतर आठवड्याभराने एलियास आपटेकरांची गाडी आली. एलियास रसायनीच्या कंपनीतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या पत्नी हेप्झिबा चालवायच्या. चढावर गाडी अडखळते, अशी तक्रार होती. मला इंजिनाला जोडून बापलेक कर्नाळ्याच्या चढावर गेले. हादिया चालवत होती, मी हाफिजभाईंच्या मांडीवर.

"चौदा पाहिजेत, नऊच येतायत," ते म्हणाले. "टर्बो गेला."

"अब्बा, दम कमी नाही वाटत, झटके बसतायत. आणि झटक्यासरशी चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. आधी ठिणगी देणारी कॉइल बघूया."

"मग मीटर काय खोटं बोलतोय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नऊवर थरथरत राहिलो.

चांगला टर्बो उतरवला गेला, नवा चढला. त्याचे पाइप हादियाने बसवले. मी पुन्हा नऊच सांगितलं. पाइप पुन्हा आवळले, तरी नऊच. शेवटी हाफिजभाई म्हणाले, "नवा आहे, चार दिवसांत रुळेल," आणि त्यांनी गाडी देऊन टाकली.

चौथ्या दिवशी कर्नाळ्याच्या वळणावर गाडीने झटके दिले आणि ती बंद पडली. मागून टेम्पो आदळला. गाडी ओढून गॅरेजात आणली, तेव्हा हेप्झिबा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आल्या होत्या. त्यांना स्वतःची वेणीही घालता येत नव्हती.

"पाइप हादियाने बसवले होते," हाफिजभाई हळूच म्हणाले. "एखादा सैल राहिला असेल."

हादियाने बापाकडे पाहिलं. मग साबणाने हात धुतले आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती कळंबोलीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला लागली. घरी ती बापाच्या ताटात वाढायची, पण बोलायची नाही, असं हाफिजभाई एकटेच असताना पुटपुटायचे. मी खुंटीवर ऐकत असायचो.

मग एके दिवशी एलियास एकटेच आले. त्यांची सगळी नोकरी कारखान्यातले मीटर तपासण्यात गेली होती. त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

"हाफिजभाई, हा शेवटचा कधी तपासला?"

"शून्यावर आहे की."

"शून्य बरोबर असलं म्हणजे वरचं बरोबर असतं असं नाही. याची काच कुणीतरी उघडलीये."

हाफिजभाई स्टुलावर बसले. "माझ्या हातून पडला होता," ते म्हणाले. "सुई मीच सरळ केली."

दुपारी मला खिशात घालून ते कळंबोलीला गेले. हादिया डबा खात होती. त्यांनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. "मला मीटरची शंका होती, हादिया. तरी मी तुझं नाव घेतलं."

तिने डबा बंद केला. "हे आंटींना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिकडे चला."

हेप्झिबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मनगट जुळेल, हाफिजभाई," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी या पोरीकडे फार वाईट नजरेने बघितलं. ते मला सलतंय." मग त्यांनी डाव्या हाताने हादियाचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी हादियाने त्यांच्या गाडीचं बोनेट उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलला तडा गेला होता.

ती परत आली, पण "हत्यारं आता मी निवडणार," असं सांगून. दुकानात तिने तीन नवे मीटर एकाच हवेच्या लाइनवर लावायला सांगितले आणि चौथा मला लावला. ते तिघे चौदावर थांबले. मी नऊवर. दुकानदार, हाफिजभाई, सगळे बघत होते. मला शरम वाटली, आणि कितीतरी दिवसांनी हायसंही वाटलं.

आता मी भंगाराच्या डब्यात आहे. हादिया, तुला एकच सांगणं आहे. माझी काच अजून चकचकीत आहे, कुणीही मला पुसून पुन्हा विकेल. भंगारवाला यायच्या आत हातोडी घे आणि माझी तबकडी फोड.